लष्कराने निकाली काढलेल्या ट्रेलरमधून सरपण वाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरपणासाठी लष्करी ट्रेलरच का घ्यावा?

सरपण जिथे मिळते तिथे डांबरी रस्ता क्वचितच असतो. लाकूड तोडून आणि फोडून ठेवलेल्या जागेपासून पक्क्या रस्त्यापर्यंत बैलगाडीच्या वाटेसारखी खाचखळग्यांची वाट असते, मध्ये बुंधे असतात, पावसाने खचलेला भाग असतो. बाजारात मिळणाऱ्या हलक्या ट्रेलरची चाके लहान असतात आणि आस जमिनीलगत असतो, त्यामुळे तो अशा वाटेवर आधी अडकतो आणि मग वाकतो. लष्करी ट्रेलर नेमका अशाच वाटेसाठी बनवलेला असतो. तो ज्या वाहनामागे जोडला जाणार, त्याच्याच मापाचे टायर त्याला दिलेले असतात आणि बहुतेक वेळा दोन चाकांमधले अंतरही तेवढेच ठेवलेले असते. वाहनाने मऊ जमिनीत पाडलेल्या चाकोरीतूनच ट्रेलरची चाके जावीत, त्यांना नवी चाकोरी पाडावी लागू नये, हा त्यामागचा हेतू असतो. एम ४१६ या छोट्या ट्रेलरला एम १५१ जीपचे ७.००-१६ मापाचे टायर असतात, तर एम १०५ ला अडीच टनी एम ३५ ट्रकचे ९.००-२० मापाचे.

त्याशिवाय हौद्याचा पत्रा जाड असतो, सांगाडा पोलादी असतो आणि फाळक्याच्या बिजागऱ्या ओंडके आपटले तरी सहसा वाकत नाहीत. हे सगळे गुण खरे आहेत, परंतु त्यांच्यामुळे एक गैरसमज पसरतो आणि या पानावरची बरीच उत्तरे तो दूर करण्यासाठीच लिहिली आहेत. ट्रेलर भक्कम आहे म्हणून त्यात कितीही लाकूड भरता येते, असा तो गैरसमज आहे. मर्यादा बहुतेक वेळा ट्रेलरच्या पोलादात नसते. ती ओढणाऱ्या वाहनात, ब्रेकमध्ये आणि टायरमध्ये असते.

निकाली निघालेले कोणते ट्रेलर सहसा मिळतात आणि त्यांतला कोणता सरपणाला योग्य आहे?

अमेरिकी लष्कराचे चार प्रकार सर्वाधिक दिसतात. सर्वांत लहान एम ४१६ हा पाव टनी ट्रेलर असून रिकामा असताना तो सुमारे २६० किलो भरतो. त्यानंतर एम १०१ हे पाऊण टनी कुटुंब येते. त्याच्या ए१, ए२, ए३ अशा सुधारित आवृत्त्या आहेत आणि रिकामे वजन सहाशे किलोंच्या वर जाते. एम १०५ हा दीड टनी ट्रेलर रिकामाच सुमारे १,२०० किलोंचा असतो. हमवी या अमेरिकी लष्करी वाहनांसाठी आलेले एम ११०१ आणि एम ११०२ हे तुलनेने नवे ट्रेलर आहेत. त्यांचा हौदा ॲल्युमिनियमचा असतो आणि भारासह एकूण वजनाची मर्यादा अनुक्रमे ३,४०० पौंड (सुमारे १,५४० किलो) आणि ४,२०० पौंड (सुमारे १,९०० किलो) आहे. ब्रिटिश लष्कराच्या लँड रोव्हरमागचे सँकी ट्रेलरही याच जातकुळीतले आहेत.

घरच्या वापराचे सरपण मध्यम पिकअपमागे ओढायचे असेल तर एम १०१ किंवा एम ११०१ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एम ४१६ ला मागे फाळका नसतो, त्यामुळे प्रत्येक ओंडका कडेवरून उचलून टाकावा लागतो आणि रिकामा करतानाही तसाच उचलून काढावा लागतो. मात्र ज्यांचे वाहन लहान आहे त्यांच्यासाठी तोच खरा पर्याय आहे. एम १०५ स्वस्तात मिळतो म्हणून अनेकांना मोहात पाडतो, परंतु त्याच्या ब्रेकचा प्रश्न गंभीर आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

‘पाऊण टनी’ ट्रेलर पाऊण टनच वाहू शकतो का?

हा आकडा खडबडीत, रस्ता नसलेल्या जमिनीवरच्या भाराचा असतो. टनही अमेरिकी, म्हणजे २,००० पौंडांचा धरलेला असतो. त्या हिशेबाने पाव टन म्हणजे २२७ किलो, पाऊण टन म्हणजे ६८० किलो आणि दीड टन म्हणजे १,३६० किलो. पक्क्या रस्त्यावर यापेक्षा अधिक भाराची मुभा असते. एम १०१ साठी ती २,२५० पौंड, म्हणजे सुमारे १,०२० किलो आहे. मात्र सरपणाच्या फेरीचा पहिला टप्पा जंगलवाटेचा आणि दुसरा रस्त्याचा असतो, आणि माल पहिल्या टप्प्याच्या आधीच भरलेला असतो. म्हणून हिशेब नेहमी लहान आकड्यानेच करावा. ट्रेलरवरची माहितीची मूळ पट्टी शाबूत असेल तर हे दोन्ही आकडे तिच्यावर कोरलेले सापडतात.

हौदा काठोकाठ भरला तर किती वजन होते?

बहुतेक लोक ज्या आकड्याचा अंदाज चुकवतात तो हाच, म्हणून हिशेब शांतपणे करून पाहू. समजा हौदा २.४ मीटर लांब, १.६ मीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल आहे. त्याचे घनफळ सुमारे १.७ घनमीटर होते. या जागेत सगळे लाकूडच मावते असे नाही, कारण तुकड्यांमध्ये हवा राहते. फोडलेले लाकूड नीट रचले तर जागेचा साधारण दोन तृतीयांश भाग लाकडाने व्यापला जातो आणि नुसते फेकून भरले तर सुमारे चाळीस ते पंचेचाळीस टक्केच.

आता ओक किंवा त्यासारख्या जड जातीचे ताजे तोडलेले लाकूड घ्या. त्याचे वजन घनमीटरला सुमारे १,००० किलो असते. फेकून भरलेल्या हौद्यात ते सातशे किलोंच्या पुढे जाते, रचून भरले तर अकराशे किलोंच्या वर. म्हणजे पाऊण टनी ट्रेलरची जंगलवाटेवरची मर्यादा नुसते फेकून, फळीच्या काठापर्यंत भरल्यानेच ओलांडली जाते, आणि रचून भरल्यास रस्त्यावरची मर्यादाही ओलांडली जाते. तेच लाकूड चांगले वाळले असेल तर रचलेल्या हौद्याचे वजन आठशे किलोंच्या आसपास येते. पाइनसारख्या हलक्या जातीचे वाळलेले लाकूड मात्र रचून भरले तरी सहाशे किलोंच्या आतच राहते.

ज्यांना सरपण ‘कॉर्ड’ या मापात मोजायची सवय आहे त्यांनी लक्षात घ्यावे की एक कॉर्ड म्हणजे रचलेले १२८ घनफूट, म्हणजे सुमारे ३.६ घनमीटर. वर धरलेल्या मापाच्या हौद्यात काठापर्यंत रचलेले लाकूड अर्ध्या कॉर्डपेक्षाही थोडे कमीच भरते. एका खेपेत पूर्ण कॉर्ड आणण्याची कल्पना एम १०१ च्या बाबतीत सोडून द्यावी.

लाकूड ओले असतानाच आणावे की वाळवून?

शक्य असेल तिथे फोडून, तिथेच वाळवून मग आणावे. ट्रेलर, वाहन आणि पाठ या तिघांचाही त्रास कमी करणारा याहून चांगला उपाय नाही. ताज्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते. एक हजार किलो अशा लाकडात पाचशे किलो कोरडे लाकूड आणि पाचशे किलो पाणी असते. तेच लाकूड जाळण्याजोगे होईपर्यंत, म्हणजे एकूण वजनात वीस टक्के पाणी उरेपर्यंत वाळवले तर त्याचे वजन ६२५ किलो होते. उरलेले ३७५ किलो निव्वळ पाणी आहे. ते आपण डिझेल जाळून, ब्रेक झिजवून घरी आणतो आणि मग घराच्या मागे ते हवेत उडून जाण्याची वाट पाहतो.

अर्थात सगळ्यांना ही सोय नसते. तोडीच्या परवान्याला मुदत असते, जागा दुसऱ्याची असते, किंवा लाकूड चोरीला जाण्याची भीती असते. अशा वेळी ओले लाकूड आणावेच लागते, पण मग हौदा अर्धा भरून दोन खेपा कराव्यात. ओंडके निदान फोडून काही महिने वाऱ्याला उभे करून ठेवता आले तरी वजनात चांगलाच फरक पडतो, कारण न फोडलेल्या ओंडक्यातले पाणी सालीमुळे आतच अडून राहते.

माझे वाहन हा ट्रेलर ओढू शकेल का?

वाहनाच्या पुस्तिकेतील तीन आकडे पाहा : ब्रेक असलेला ट्रेलर किती वजनाचा ओढता येतो, ब्रेक नसलेला किती वजनाचा, आणि हुकावर खालच्या दिशेने किती भार चालतो. या तिन्हींची तुलना ट्रेलरच्या भरलेल्या वजनाशी करायची. पाऊण टनी ट्रेलरचे रिकामे वजन अधिक ६८० किलो लाकूड मिळून सुमारे १,३०० किलो होतात. हे वजन इंजिनाला जड जाणार नाही. प्रश्न ते थांबवण्याचा आहे. चढ चढताना वाहन कुरकुरते तेव्हा चालकाला भार जाणवतो, उतारावर मात्र तो जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो.

ब्रेकचे काय?

या विषयावर तडजोड करू नये. लष्करी ट्रेलरमध्ये तीन प्रकार आढळतात.

पहिल्या प्रकारात चालताना लागणारे ब्रेकच नसतात. उभा ट्रेलर घरंगळू नये म्हणून फक्त हातब्रेक असतो. एम ४१६ आणि एम १०१ च्या पहिल्या आवृत्त्या या प्रकारच्या आहेत. दुसरा प्रकार दाबब्रेकचा. वाहन हळू झाले की ट्रेलर पुढे ढकलला जातो, त्या ढकलण्याने दांडीतला दट्ट्या दाबला जातो आणि तेलाच्या दाबाने ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतात. एम ११०१ आणि एम ११०२ मध्ये ही व्यवस्था असते. तिला वाहनाकडून वायर किंवा नळी जोडावी लागत नाही, म्हणून खासगी वापरासाठी ती सर्वांत सोयीची आहे. फक्त चढावर मागे घेताना ट्रेलर ढकलला जाऊन ब्रेक आपोआप लागू शकतात, याची जाणीव ठेवावी. तिसरा प्रकार एम १०५ चा, ज्यात ट्रकमधून येणारी दाबाची हवा ट्रेलरमधल्या तेलाच्या ब्रेकला चालना देते. पिकअपमध्ये हवेचा दाब तयार करणारी यंत्रणाच नसते. त्यामुळे पिकअपमागे जोडलेला एम १०५ हा ब्रेक नसलेला ट्रेलर ठरतो, आणि त्याचे भरलेले वजन अडीच टनांच्या पुढे असते. त्याच्या कमी किमतीचे कारण इथे आहे. आस बदलून विजेचे ब्रेक बसवता येतात, पण त्या खर्चात चांगला एम ११०१ येऊ शकतो. स्वतःच्या जमिनीत ट्रॅक्टरमागे सावकाश चालवायचा असेल तरच एम १०५ चा विचार करावा.

कायद्याची मर्यादा देशागणिक वेगळी असते. युरोपात आणि ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे भरलेले वजन ७५० किलोंच्या आत असावे लागते. अमेरिकेत हा नियम राज्याराज्यांत बदलतो आणि बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या आसपास ब्रेक बंधनकारक होतात. एम १०१ चे आकडे दोन्हीकडे काठावर किंवा काठापलीकडे जातात, हे खरेदीपूर्वीच तपासलेले बरे.

कडी आणि हुक यांची जोडणी साध्या वाहनाला कशी करावी?

लष्करी ट्रेलरच्या दांडीच्या टोकाला लुनेट नावाची जाड पोलादी कडी असते. तिचा आतला व्यास सहसा ७६ मिलिमीटर असतो. ती वाहनावरच्या पिंटल हुकात अडकते आणि वरून जबडा बंद होऊन खिळीने पक्का होतो. या जोडणीत वाहन आणि ट्रेलर एकमेकांशी मोठा कोन करू शकतात, म्हणून खड्ड्यांच्या वाटेवर ती साध्या वाहनांवरच्या गोळ्याच्या हुकापेक्षा (बॉल हिच) सरस ठरते. तिचा दोष म्हणजे हुकात कडी सैल बसते, त्यामुळे पक्क्या रस्त्यावर गाडी धरता-सोडताना खडखडाट होतो आणि हिसके बसतात.

दोन मार्ग आहेत. वाहनावर पिंटल हुक बसवणे हा पहिला आणि माझ्या मते उत्तम मार्ग. कडी काढून तिथे गोळ्याचा कपलर बसवणे हा दुसरा मार्ग आहे. तो शांत चालतो, पण कोनाची मोकळीक कमी होते. कोणताही मार्ग घेतला तरी उंची जुळली पाहिजे. लष्करी ट्रेलरची दांडी उंच वाहनांसाठी बनवलेली असते. साध्या पिकअपला जोडल्यावर ट्रेलरचे नाक खाली झुकले किंवा वर उचलले गेले, तर एकाच आसावरचा भार पुढे-मागे सरकतो. हौद्याची वरची कड जमिनीला समांतर दिसेपर्यंत हुकाची उंची बदलावी. सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन अडकवाव्यात, म्हणजे जोडणी सुटली तरी दांडी जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते.

ट्रॅक्टरच्या दांड्यात कडी घालून नुसती बारीक पिन अडकवणारे लोक दिसतात. एवढ्या मोठ्या कडीत बारीक पिन दर धक्क्याला हातोड्यासारखी आदळते आणि शेवटी तुटते. ट्रॅक्टरलाही योग्य हुकच बसवावा.

ट्रेलरचे दिवे माझ्या वाहनावर चालतील का?

जसेच्या तसे चालणार नाहीत. लष्करी ट्रेलरची वायरिंग २४ व्होल्टची असते आणि प्लग १२ खिळ्यांचा; साध्या वाहनाची यंत्रणा १२ व्होल्टची असते. जुन्या दिव्यांतले बल्ब १२ व्होल्टचे घालून काम भागते, परंतु ब्लॅकआउटसाठीच्या (शत्रूला दिसू नये म्हणून वापरायच्या) अंधूक दिव्यांच्या वायरी त्याच घोळक्यात असल्याने कोणती वायर कशाची हे शोधण्यात वेळ जातो. जुनी वायरिंग तशीच राहू द्यावी आणि १२ व्होल्टचे नवे एलईडी दिवे स्वतंत्र वायरने बसवावेत. लाकूड चढवताना दिवे फुटतात, म्हणून त्यांच्यापुढे जाळी हवीच.

विकत घेण्यापूर्वी काय तपासावे?

सोबत जाजम, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि जॅक न्यावा, आणि ट्रेलरखाली प्रत्यक्ष झोपून पाहावे. उभ्याने पाहून घेतलेला निर्णय बहुधा रंग पाहून घेतलेला असतो, आणि लष्करी आगारात रंग देण्यात कुचराई होत नाही.

गंज सहसा हौद्याच्या कोपऱ्यांत, तळाच्या आडव्या पट्ट्यांच्या वर आणि पाणी निघण्याची भोके पाला-मातीने बुजलेली असतात तिथे असतो. स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे; रंग फुगून आतून चुरा निघाला तर पत्रा बदलावा लागेल. सांगाड्यावर पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) खुंट जिथे जोडलेले आहेत तिथे केसासारखी तड दिसते का पाहावे. पाट्यांची वरून खाली पाने मोजावीत, कारण मधले एखादे पान तुटलेले असले तरी ट्रेलर उभा असताना ते कळत नाही. आसाला पाटे आवळणारे यू-बोल्ट सैल असतील तर आस एका बाजूने मागे सरकलेला असतो. दोन्ही चाकांपासून कडीपर्यंतचे अंतर दोरीने मोजले की हे उघड होते.

त्यानंतर एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. आतून करकर आवाज आला, किंवा चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर बेअरिंगकडे लक्ष द्यावे लागेल. वर्षानुवर्षे एकाच जागी उभ्या राहिलेल्या ट्रेलरमध्ये ग्रीस वाळून मेणासारखे घट्ट झालेले असते आणि ज्या भागावर बेअरिंगचे रूळ टेकून राहिले तिथे गंजाच्या आडव्या रेघा पडतात. अशी रेघ पडलेले बेअरिंग धुऊन पुन्हा वापरू नये. खरेतर बेअरिंग चांगले दिसले तरी पहिल्या खेपेआधी हब उघडून जुने ग्रीस पूर्ण काढणे, नवे भरणे आणि सील बदलणे हे काम करूनच घ्यावे. पहिल्या भरलेल्या खेपेत काही किलोमीटरवर थांबून दोन्ही हबना हाताची मागची बाजू लावून पाहावी. किंचित कोमट लागणे ठीक आहे. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर पुढे जाऊ नये.

शेवटी कडी पाहावी. हुकाशी घासून तिची आतली कड एका बाजूने पातळ झालेली असते. झीज बोटाला खळग्यासारखी लागत असेल तर कडी बदलावी. ती सहसा बोल्टवर असते आणि सहज निघते.

टायर नव्यासारखे दिसतात. ते वापरावेत का?

नक्षी शाबूत असणे हा पुरावा नाही, कारण ही चाके झिजण्याआधी म्हातारी होतात. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३०९ याचा अर्थ २००९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि तो भारासाठी वापरण्यात अर्थ नाही. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगांचे जाळे दिसले तर अंक पाहण्याचीही गरज नाही.

चाक खोलण्याबाबत एक गंभीर सूचना आहे. हमवीच्या आणि त्याच्या ट्रेलरच्या रिमचे दोन भाग एकमेकांना नट-बोल्टने जोडलेले असतात, आणि चाक हबला धरणारे नट वेगळे असतात. टायरमध्ये हवा असताना चुकून रिमचे नट सैल केले तर दोन्ही भाग स्फोटासारखे उडतात आणि माणूस जागीच दगावू शकतो. एम १०५ च्या जुन्या रिमला टायर धरून ठेवणारी अडकवलेली कडी असते आणि हवा भरताना ती तशीच उडू शकते. ही कामे पिंजरा असलेल्या, मोठ्या ट्रकची चाके हाताळणाऱ्या दुकानातच करून घ्यावीत.

जुना रंग घासून नवा द्यावा का?

आवश्यक नसेल तर घासू नये. अनेक लष्करी ट्रेलरवर रासायनिक हल्ल्याला दाद न देणारा विशेष रंग असतो. त्याच्या घटकांत आयसोसायनेट असतात आणि खालच्या थरात क्रोमेट असू शकते. त्याहून जुन्या रंगांत शिसे आढळते. ग्राइंडरने उडालेली धूळ आणि वेल्डिंगच्या वेळचा धूर, दोन्ही फुप्फुसांना घातक आहेत. वेल्डिंग करायचेच असेल तर तेवढ्या जागेचा रंग आधी रंगकाढू द्रव लावून किंवा ओला घासून काढावा, योग्य गाळणीचा मुखवटा घालावा आणि काम उघड्यावर करावे.

लाकूड हौद्यात कसे भरावे?

ट्रेलर वाहनाला जोडूनच भरायला सुरुवात करावी. सुटा उभा केलेला एका आसाचा ट्रेलर मागून भरला की दांडी झटक्यात वर उडते, आणि त्या वेळी कोणी दांडीजवळ उभे असेल तर हनुवटी किंवा छाती सापडते. काही कारणाने सुटाच भरायचा असेल तर मागे टेकू द्यावा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (घरंगळू नये म्हणून अडसर) लावावी.

जड आणि जाड तुकडे तळाला, आसाच्या वर आणि थोडे पुढे ठेवावेत. हलके तुकडे मागे आणि वर. कडीवर येणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा. तो फारच कमी असला तर ट्रेलर वेगात डावीकडे-उजवीकडे डोलू लागतो आणि वाहनाची मागची बाजू सोबत ओढतो. फार जास्त झाला तर वाहनाची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग बोथट होते. १,३०० किलोंच्या ट्रेलरला हा भार १३० ते १९५ किलो येतो आणि तो वाहनाच्या पुस्तिकेतील मर्यादेत बसतो की नाही हे पाहावे लागते.

हा भार घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतो. सपाट जागी काट्याच्या उंचीची एक वीट ठेवावी आणि विटेवरून काट्यावर एक मजबूत फळी टाकावी. फळीच्या टेकणांमधील अंतराचे तीन समान भाग कल्पून विटेपासून पहिल्या भागाच्या शेवटी दांडी टेकवावी. काट्यावर जो आकडा येईल त्याची तिप्पट म्हणजे कडीवरचा भार. मोजताना दांडी प्रत्यक्ष हुकाच्या उंचीवर असावी, नाहीतर आकडा फसवा येतो. भराव्याची पद्धत पक्की झाली की हौद्याच्या आत खडूने रेघा मारून ठेवाव्यात.

बाजूला उंच फळ्या बसवल्या तर चालेल का?

वाळलेल्या, हलक्या लाकडासाठी चालेल. ओल्या जड लाकडासाठी नाही, कारण हौदा काठापर्यंत भरतानाच मर्यादा संपलेली असते. मूळ लाकडी कठडे ताडपत्रीच्या कमानी धरण्यासाठी आणि हलक्या सामानासाठी दिलेले असतात. त्यांवर आतून रेलणाऱ्या ओंडक्यांचा दाब ते फार काळ सोसत नाहीत. काठाच्या वर एकही तुकडा असेल तर जाळी किंवा ताडपत्री टाकून रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळावे. रस्त्यावर पडलेला एक तुकडा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतो.

जंगलवाटेवर चालवताना कशाची काळजी घ्यावी?

आडव्या उताराची सर्वांत जास्त. उभ्या चढ-उतारावर भरलेला ट्रेलर सहसा सांभाळता येतो, पण वाट एका बाजूला कललेली असेल आणि वरच्या बाजूचे चाक बुंध्यावर चढले तर ट्रेलर उलटायला वेळ लागत नाही, विशेषतः दोन चाकांमधले अंतर कमी असलेला एम ४१६. अशी जागा आधी पायी पाहून घ्यावी. उतारावर सुरुवातीपासूनच खालचा गिअर ठेवावा. ब्रेक नसलेला ट्रेलर ओल्या मातीत मागून ढकलतो आणि वाहन व ट्रेलर कात्रीसारखे दुमडतात. रिकामा ट्रेलर नेताना टायरची हवा थोडी कमी केली तर तो कमी उड्या मारतो, मात्र भरण्याआधी दाब पूर्ववत करावा लागतो.

कागदपत्रे कोणती लागतात?

लष्करी मालमत्तेतून ट्रेलर रीतसर बाहेर पडल्याचा कागद आणि त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीची पावती. अमेरिकेत सरकारी विक्रीतून घेतलेल्या वाहनासाठी एसएफ ९७ हा दाखला मिळतो आणि त्यावरून नोंदणी होते. पट्टीवरचा अनुक्रमांक आणि कागदावरचा अनुक्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून पाहावा. पट्टी उखडलेली असेल आणि विक्रेता कागद नंतर देतो म्हणत असेल तर सौदा सोडावा.

लांबून सरपण आणणे योग्य आहे का?

ट्रेलर मोठा मिळाला की लांबचे स्वस्त लाकूड आणावेसे वाटते, परंतु सालीखाली आणि लाकडाच्या आत किडीची अंडी व अळ्या असतात आणि त्या आपल्यासोबत प्रवास करतात. एमराल्ड ॲश बोअरर हा आशियातला हिरवा चकचकीत भुंगेरा २००२ साली अमेरिकेत डेट्रॉइटजवळ सापडला. तो स्वतः उडून दर वर्षी थोडेच अंतर जातो, पण सरपणाच्या गाड्यांतून तो दूरदूरच्या राज्यांत पोहोचला आणि ॲशची कोट्यवधी झाडे मेली. अनेक ठिकाणी सरपण लांब नेण्यावर निर्बंध आहेत ते याचसाठी. जिथे तोडले त्याच परिसरात जाळावे. वाळलेले लाकूडही या बाबतीत निर्धोक नसते, कारण अळी सालीखाली दीर्घकाळ जगू शकते. खेप उतरवल्यावर हौद्यातला भुसा आणि सालीचा चुरा झाडून तो जाळून टाकावा. त्यामुळे पाणी निघण्याची भोकेही मोकळी राहतात.

हंगाम संपल्यावर ट्रेलर कसा ठेवावा?

कडीच्या बाजूने थोडा उंच ठेवावा, म्हणजे हौद्यातले पाणी मागे वाहून जाते. फाळका किंचित उघडा ठेवावा, आसाखाली ठोकळे देऊन टायरवरचा भार काढावा आणि हातब्रेक सोडून चाकांना उटी लावावी, कारण आवळून ठेवलेला ब्रेक पावसाळ्यानंतर ड्रमला चिकटून बसतो. पुढच्या हंगामाच्या पहिल्या खेपेआधी हबचे ग्रीस, टायरचा दाब आणि दिवे पुन्हा तपासावेत.